इया आशाबीची जीभ

मुलांनो, डोळे मिटा पाहू. नीट मिटा. पापण्यांच्या फटीतून बघणारे मला इथूनही दिसतात.

आता समजा, तुम्ही अबेओकुटा नावाच्या गावातल्या एका अंगणात उभे आहात. समोर मातीचे मोठे रांजण आहेत, अर्धे जमिनीत पुरलेले. त्यांच्यातून असा वास येतोय की पाहुणा आला तर नाकाला फडकं लावेल. तुम्हाला मात्र त्याची सवय आहे. एक म्हातारी बाई मडक्यात करंगळी बुडवते आणि म्हणते, "जीभ काढ." तुम्ही काढता. जिभेच्या टोकावर ती एक थेंब ठेवते. आधी काहीच वाटत नाही. मग तिथे लाल मुंगी चावावी तसं होतं.

"थुंक! किती मोजलेस?"

"तीन."

"तीनला चावली? मग पाणी पिकलं. पाचापर्यंत नाही चावली तर कच्चं. एकलाच चावली तर जळकं, कापड खाऊन टाकेल. कळलं?"

उघडा डोळे. आणि घरी राख कालवून चाखून बघू नका, जीभ भाजेल. ज्या मुलीच्या जिभेवर तो थेंब पडला, तिला त्या अंगणातल्या पहिल्या दिवसापासून जपून शिकवलेलं होतं. तिचं नाव आवेरो. वय दहा. तिच्या हातून घडलेली गोष्ट मी आज सांगणार आहे. ती गोष्ट काही मिरवण्यासारखी नाही.

आवेरोची आई कापडावर नक्षी काढायची. कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात तुरटी घालायची आणि कोंबडीच्या पिसाच्या टोकाने पांढऱ्या कापडावर रेघा ओढायची. कंगवे, पक्षी, विंचू, पाण्याच्या लाटा. जिथे खळ बसेल तिथे नीळ शिरत नाही, म्हणून रंगवून झाल्यावर खळ खरवडली की नक्षी फिकी उमटते आणि बाकीचं कापड गडद निळं. आमच्याकडे याला आदिरे म्हणतात. पण नक्षी काढणारी बाई वेगळी आणि रंगात बुडवणारी वेगळी. एकीचा हात पिसावर, दुसरीचा रांजणात. आवेरोची आई आपली सगळी कापडं इया आशाबीकडेच द्यायची.

इया म्हणजे आई. सगळा इटोकु मोहल्ला त्या म्हातारीला इया म्हणायचा, कारण तिथल्या निम्म्या रंगारणींना रंगवायला तिनेच शिकवलं होतं. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि तो निळा आता धुऊन जाण्यातला नव्हता. डोळे अधू झाले होते, कानही एक चालेनासा झाला होता. पण जीभ! राखेचं पाणी चाखायला दूरदूरच्या बायका तिला बोलावून न्यायच्या. ती थेंब चाखायची, थुंकायची आणि सांगायची, "अजून एक दिवस ठेव." किंवा, "कोकोच्या सालांची राख कमी घातलीस. कंजूष." ती कधीच चुकायची नाही.

आवेरोला तिच्या आईने इयाकडे शिकायला ठेवलं होतं. आवेरोला खरं तर नक्षी काढायची होती. पण आई म्हणायची, "आधी रांजण शीक. पीस कुठे पळून जात नाही."

तर, त्या दिवशी इयाला पलीकडच्या आळीत बारशाला जायचं होतं. आवेरोच्या मावशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलं होतं, आणि आवेरोच्या आईने तिच्यासाठी दोन कापडं काढली होती. सव्वा महिना खपली होती ती त्यांच्यावर. ती कापडं बुडवायला नवा रांजण लावायचा होता. निळीच्या पाल्याचे गोळे कुटून तयार होते. भोकं पाडलेल्या वरच्या मडक्यातल्या राखेतून दोन दिवस पाणी झिरपून खालच्या मडक्यात साठलं होतं, कडक चहाच्या रंगाचं. इयाने सकाळी वरचं मडकं उतरवून खालचं पाणी चाखलं, आवेरोलाही चाखायला लावलं. तीनला चावलं.

"पिकलं," इया म्हणाली. "दुपारी आले की गोळ्यांवर ओतू. तोवर तू राखण कर. शेळी फिरकू द्यायची नाही. कोंबडी तर अजिबात नाही. आणि या अंगणात पळायचं नाही. काय करायचं नाही?"

"पळायचं नाही."

"शहाणी माझी बाय. आज रांजण तुझ्या हवाली."

आवेरोची मान दोन बोटं लांब झाली. पहिल्यांदाच तिला एकटीला ठेवलं होतं. कुंपणापलीकडे तिनुओला चवळीचे वडे तळत बसायची. तिने हाक मारली, "काय गं निळ्या नखांची मालकीण, आज तूच इया का?"

"हो," आवेरो ऐटीत म्हणाली. "काही काम होतं?"

"अगं बाई! वडा पाहिजे का, इया? तुमच्या पायाशी आणून ठेवते!"

दोघी हसल्या. तासभर सगळं ठीक चाललं. शेळी आली, तिला हाकललं. मग तिनुओलाची पांढरी कोंबडी कुंपणाखालून आत आली.

आवेरो तिला हाकलायलाच उठली होती, हे मी खात्रीने सांगते. पण कोंबडीने पंख पसरला आणि आवेरोला त्या पंखातलं बाहेरचं पीस दिसलं. लांब, ताठ, टोकाला नेमकं तिरपं. आईच्या डब्यातही असं पीस नव्हतं. हे पीस असतं तर एखाद्या चिंधीवर आपल्यालाही पक्षी काढून बघता आला असता. झालं, हाकलण्याचं धरणं झालं. कोंबडी पळाली, आवेरो मागे. कोंबडी चुलीला वळसा घालून फडफडत राखेच्या पाण्याच्या मडक्यावरून उडाली. आवेरोच्या मुठीत पीस आलं, आणि पायाला दगड लागला. मडकं त्या दगडावरच टेकलेलं होतं.

मडकं फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. ते फक्त कलंडलं. तिने धावत जाऊन सरळ केलं, तोवर निम्मं पाणी वाहून गेलं होतं. तहानलेल्या जमिनीने ते बघता बघता पिऊन टाकलं.

आता सांगायचं काय होतं? "इया, पाणी सांडलं." एवढंच. इया ओरडली असती, कान धरला असता. नवी राख भरून दोन दिवस पाणी झिरपवलं असतं, आणि लग्नाआधी कापड झालंही असतं. आवेरोनेही आधी ठरवलं होतं, सांगायचं. पण मग तिने इकडेतिकडे बघितलं. तिनुओला पाठमोरी बसून पीठ फेटत होती. कुणीच बघितलं नव्हतं. माठात विहिरीचं पाणी होतं.

तिने मडकं पाण्याने भरलं. रंग फिका झाला. मग वरच्या मडक्यातली ओली राख, जिच्यातलं सगळं सत्त्व आधीच निथळून गेलं होतं, ती दोन मुठी घालून ढवळली. बसू दिली. रंग जमला. पाण्याची उंची जमली. ओल्या जमिनीवर तिने कोरडी माती पसरली आणि पीस चुलीत टाकलं.

दुपारी इया आली. हातात बारशाच्या जेवणाची पुडी होती.

"कसला वास येतोय गं? कोंबडी भाजली का कुणी?"

"तिनुओलाकडे असेल."

"ती कधीपासून कोंबड्या भाजायला लागली? बरं. राखण केलीस?"

"हो, इया."

"कोंबडी आली होती?"

"आली होती. हाकलली."

ही शेवटची दोन वाक्यं खरी होती, नाही का? शब्द न् शब्द खरा. म्हणूनच ती जास्त वाईट होती.

इयाने रांजणापाशी बसून इया मापो देवीचं नाव घेतलं. बायांच्या हातच्या कामांवर तिची नजर असते, असं आमच्याकडे मानतात. मग दोघींनी मडकं उचललं. आवेरो हळूच म्हणाली, "इया, परत चाखणार नाही?"

"सकाळी चाखलं की."

"तरी पण."

"हे बघ," इया हसली, "माझी जीभ म्हणजे काय आपल्या तिनुओलाची जीभ आहे, घटकेघटकेला बदलायला? एकदा पिकलं म्हटलं की पिकलं. धर नीट."

कुंपणापलीकडून आवाज आला, "ऐकलं हो मी!"

पाणी गोळ्यांवर गेलं. मग इयाने पुडी सोडली आणि त्यातला तळलेल्या माशाचा सगळ्यात मोठा तुकडा आवेरोच्या हातावर ठेवला. "राखण करणारीचा वाटा." आवेरोने तो तोंडात घातला. घास या गालातून त्या गालात फिरला. शेवटी इया उठून आत गेली तेव्हा तिने तो मांजराला दिला.

नवा रांजण लावला की तीन-चार दिवसांत जागा होतो. वर निळसर तांब्यासारखी साय धरते, काठीने ढवळलं की फेस येतो, आणि वास असा सुटतो की अख्ख्या आळीला कळतं. तिसऱ्या दिवशी इयाने झाकण काढलं. साय नव्हती. फेस आला आणि लगेच विरला. तिने करंगळी बुडवली, चाखलं आणि थुंकली. मग परत चाखलं.

"फिकं लागतंय," ती म्हणाली.

आवेरो लाकडं रचत होती. तिचे हात थांबले.

इया रांजणाच्या काठावर हात ठेवून बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सकाळी तिखट होतं. मीच चाखलं. तूही चाखलंस. आज फिकं लागतंय. एकाच पाण्याच्या दोन चवी सांगणारी जीभ... तिचं कुठलं म्हणणं खरं धरायचं?"

मुलांनो, बोलायची ती वेळ होती. आवेरोलाही ते कळलं. तिने तोंड उघडलंही. पण तीन दिवसांपूर्वी जे "पाणी सांडलं" एवढंच होतं, ते आता "पाणी सांडलं, मी भरलं, तुम्हाला फसवलं, तुमच्या हातचा मासा घेतला" एवढं झालं होतं. शरम अशीच वाढते. पहिल्या दिवशी मुठीत मावते, तिसऱ्या दिवशी तिला उचलायला दुसरं माणूस लागतं.

ती म्हणाली, "अजून एक दिवस बघूया, इया."

"बघूया," इया म्हणाली. "जीभ म्हातारी झाली असेल. पाणी चांगलंच आहे, तुझ्या-माझ्या समोर पिकलं. जागं होईल."

म्हणजे बघा, काय झालं ते. त्या जिभेने खरं सांगितलं होतं. आणि इयाने तिलाच खोटं ठरवलं, कारण या मुलीवर तिचा विश्वास होता.

त्या दिवसांत आवेरो राब राब राबली. न सांगता अंगण झाडायची, पाणी भरायची, इयाचे पाय चेपायची. वाटायचं, याने काहीतरी फिटेल. फिटलं काही नाही. उलट इया येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोर बघा कशी आहे. पोटची असती तरी इतकं केलं नसतं." प्रत्येक कौतुकाला आवेरोचे कान तापायचे. ती माठामागे जाऊन उभी राहायची. तिनुओला म्हणायची, "लाजते बघ कशी! नवरीसारखी!"

पाचव्या दिवशी लग्न तोंडावर आलं आणि थांबायला वेळ उरला नाही. इयाने कापडं बुडवायला घेतली. चांगल्या रांजणातून कापड हिरवट निघतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. हे पिवळट निघालं आणि राखाडी झालं. इयाने ते वाळवून परत बुडवलं. एरवी पाच-सहा बुडवण्यांत काम होतं. सात झाल्या, नऊ झाल्या. "अर्धा जागा आहे," ती म्हणत होती, "येईल, येईल." खळीला इतकं पाणी सोसत नाही. ती मऊ पडली, फुगली, मग रेघा घरंगळायला लागल्या. तेराव्यांदा कापड वर आलं तेव्हा पक्ष्यांना पंख उरले नव्हते. कंगव्यांचे दात एकमेकांत मिसळले होते. सगळं कापड भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचं झालं होतं.

इयाने ते दोरीवर टाकलं. दुसरं टाकलं. हात धुतले, डोक्याचं फडकं सोडून नीट बांधलं आणि म्हणाली, "घमेलं घे. तुझ्या आईकडे जायचंय."

वाटेत तिनुओलाने विचारलं, "काय इया, कुणाची नजर लागली म्हणायची? इया मापोला कोंबडं द्या एक."

"इया मापोचा काय दोष," इया न थांबता म्हणाली.

आवेरोची आई चुलीवर खळ ढवळत होती. इयाला दारात बघताच तिने पळी टाकली, कमरेचं फडकं सावरलं आणि गुडघे टेकून नमस्कार केला. मोठ्या बाईपुढे लहान बाई गुडघे टेकते, ही आमची रीत आहे. इया आत आली. घमेल्यातली कापडं काढून तिने जमिनीवर पसरली. आई वाकून बघत राहिली. एका पक्ष्यावरून तिने बोट फिरवलं.

आणि मग इया आशाबी खाली बसली. आधी एक गुडघा, मग जमिनीला हात टेकून दुसरा. सत्तरीची बाई, जिच्या दारात सगळा मोहल्ला वाकायचा, ती आपल्या लेकीच्या वयाच्या बाईसमोर गुडघ्यांवर बसली. एरवी ती आवेरोच्या आईला "अगं ए" म्हणायची. आज म्हणाली, "तुम्ही मला माफ करा."

"इया! उठा!" आई किंचाळलीच. "हे काय करताय? माझं आयुष्य कमी करायचंय का तुम्हाला? उठा हो!"

"सव्वा महिन्याचं काम होतं तुमचं. मी नासवलं."

"नासू दे! कापडच आहे! उठा तुम्ही आधी!"

"माझी जीभ मेली, बाई. मला कळलं होतं, तरी मी हट्टाने बुडवत राहिले. उद्या मी रांजण पालथे घालते. अजून कुणाचं नुकसान नको."

इया उठत नव्हती. तिच्यापेक्षा उंच राहणं आवेरोच्या आईला शक्य नव्हतं, म्हणून तीही गुडघ्यांवर आली. इया आणखी वाकली. मग आईने कपाळ जमिनीला लावलं. दोन मोठ्या बायका, मधे ते पुसटलेलं कापड, आणि दोघी एकमेकींपेक्षा खाली जायला बघत होत्या. घरात सगळ्यांत लहान होती आवेरो, आणि एकटी तीच उभी होती. हातात रिकामं घमेलं धरून.

"आवेरो!" आई रडत म्हणाली. "बघत काय उभी राहिलीस? उठव ना त्यांना!"

आवेरोने घमेलं ठेवलं. इयाच्या काखेत हात घालून तिला उचललं. म्हातारी हलकी होती, वाळलेल्या कापडासारखी. उभी राहिल्यावर तिने आवेरोच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो, पोरी," ती म्हणाली. "तुझ्या हाताने मला उठवलंस."

आवेरो तेव्हाही बोलली नाही. तुम्हाला तिचा राग येत असेल. येऊ द्या. मीही तिच्या बाजूने काही बोलणार नाही. सोनार आपल्या सोन्यातली भेसळ झाकतो तसा एक शब्द ती तोंडात दाबून उभी होती, आणि तो शब्द तिला पिकल्या पाण्यापेक्षा जास्त चावत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवेरो अंगणात पोचली तेव्हा तिथे चार-पाच बायका जमल्या होत्या. इयाच्या हाताखाली शिकलेल्या, आता स्वतःचे रांजण असलेल्या. एक-दोघी डोळे पुसत होत्या. तिनुओला वड्यांची टोपली कुंपणावर ठेवून उभी होती आणि आज तिला एकही चेष्टा सुचत नव्हती. रांजण पालथा घातला की त्या घरचं रंगकाम संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आलीस?" इया म्हणाली. "बरं झालं. मी केम्टा मोहल्ल्यातल्या मोजीशोलाशी बोलले आहे. ती तुला शिकवेल. तिची जीभ तरुण आहे. तिला सांगितलंय मी, पोर प्रामाणिक आहे, तिला कुठेही एकटीला ठेव."

मग ती सगळ्यांत लहान रांजणाकडे वळली. तो जमिनीत पुरलेला नव्हता. तिने दोन्ही हात काठाला लावले.

"पाणीच होतं ते," आवेरो म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की इयाच्या चालत्या कानालाही ऐकू गेला नाही. जवळच्या बाईने ऐकलं. "काय म्हणतेस?"

"ते पाणीच होतं!" आवेरो ओरडली. मग तिला थांबताच येईना. "मी कोंबडीच्या मागे पळाले. पिसासाठी. मडकं लवंडलं. निम्मं सांडलं. मी विहिरीचं पाणी भरलं, जुनी राख घातली. इयाला सांगितलं नाही. वास आला तो पिसाचा होता. मी पीस जाळलं. तिनुओलाने काही भाजलं नव्हतं. इयाची जीभ मेली नाही. फिकं होतं म्हणून फिकं लागलं!"

तिनुओलाच्या तोंडून फक्त "अगं..." एवढं निघालं.

इयाने रांजणावरचे हात काढले नाहीत. तिचे ओठ हलत होते. जणू ती सहा दिवस मागे जाऊन एकेक गोष्ट परत लावत होती. सकाळी तिखट. तिसऱ्या दिवशी फिकं.

"म्हणजे दोन्ही वेळा ती खरंच बोलली," ती शेवटी म्हणाली. "माझी जीभ." आणि तिला हसू आलं. बायकाही हसल्या, एकीने टाळी वाजवली, "मी म्हणत नव्हते?" म्हणून. आवेरोला वाटलं, संपलं. आता ओरडा बसेल, मार बसेल आणि संपेल.

इया तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हसू गेलं होतं.

"पाणी सांडलं त्याचं मला काही नाही," ती हळू म्हणाली. "मी तुझ्याएवढी असताना अख्खा रांजण फोडलाय. पण मी तुला विचारलं होतं, कुठलं म्हणणं खरं धरायचं. तू समोर होतीस. साठ वर्षं मी या जिभेवर जगले, आणि तू मला तिला खोटी म्हणायला लावलंस. कळतंय का, काय केलंस?"

आवेरोने मान हलवली. खाली बघूनच.

"वर बघ. कळतंय का?"

"हो, इया."

"रांजण मी उठवेन. राखेचं ताजं पाणी घातलं की तो उठतो. तुझ्या आईची कापडं उठायची नाहीत. तुझी मावशी लग्नात बाजारातलं कापड नेसेल, आणि तुझी आई समजत राहील की म्हाताऱ्या आशाबीने तिचं काम नासवलं."

"मी जाऊन सांगते तिला," एक बाई लगबगीने म्हणाली. "पोर आहे हो, इया. रडतेय बघा."

"कुणी जायचं नाही," इया म्हणाली. "मीही नाही. मी काल जाऊन आले."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली आणि राख भरायला बसली. आवेरोला तिने जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. बायका आपापसात कुजबुजत पांगल्या. आता दुपारपर्यंत साऱ्या इटोकुला कळणार होतं. विहिरीवर, बाजारात, मावशीच्या होणाऱ्या सासरीही. तिनुओला टोपली उचलून जाता जाता थबकली. आवेरोच्या तोंडाकडे बघून मग ती आपल्या चुलीकडे गेली.

आवेरोने तिथेच उभं राहून नाक पुसलं. मग ती इयाकडे न बघता अंगणाबाहेर पडली. आधी चालत होती, मग पळायला लागली, कारण ही बातमी आईला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होती. घराच्या दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. आई पाठमोरी बसली होती. समोर कोरं कापड ताणून तिने पहिली रेघ ओढायला घेतली होती, आणि मागे न बघताच म्हणाली, "लवकर आलीस? इया कशा आहेत? फार वाईट वाटलं गं मला काल त्यांचं."

आवेरो आत गेली, आईच्या समोर बसली, जिथून आईला तिचं तोंड दिसेल अशी, आणि म्हणाली, "आई, हात थांबव. मला सांगायचंय."